शिवू नका

मला इंग्रजी शिकवायला माझ्याच पोटची पोरगी बसली, आणि तिनं मला फक्त छडी मारायची बाकी ठेवली. "आई, 'इकजीट' नाही गं, 'एक्झिट'!" मी म्हणायची, अगं, बाहेर पडायचं दार ते, कसंही म्हटलं तरी माणूस बाहेरच पडणार ना! त्यावर ती कपाळाला हात लावायची.

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही लिंबायतमध्ये राहायचो, आजही तिथंच आहोत. मालक लूमवर जायचे आणि मी घरी गोधड्या शिवायची. सुरतेत चिंध्यांना काय तोटा? साडीच्या बाजारातून पोत्यानं मिळायच्या. पण त्या पॉलिस्टरच्या, मेल्या सुईखाली नुसत्या सरकतात. माझ्या घरात खरी गोधडी एकच होती. माझी आई गेली तेव्हा तिच्यामागं दोन लुगडी उरली, एक हिरवं आणि एक तांबडं. ती मी खानदेशातून घेऊन आले आणि रडत रडत गोधडीला लावली. हिरवं वर, तांबडं खाली. पोरीला ताप आला की तीच गोधडी, माझं अंग मोडून आलं की तीच. ती पांघरली की मला आईजवळ झोपल्यासारखं वाटायचं, दुसरं काय सांगू.

ती दोरीवर वाळत असताना एका संस्थेच्या मॅडमनी पाहिली. त्या गोधड्या शिवणाऱ्या बाया शोधत आमच्या गल्लीत आल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, विलायतेत एका मोठ्या म्युझियममध्ये आपल्याकडच्या गोधड्या मांडायच्या आहेत. ही द्या. आणि तुम्हीही चला, लोकांसमोर बसून शिवून दाखवा."

मी म्हटलं, "देते, पण उसनी. विरजण नेतात तसं नाही हं, परत पाहिजे."

मॅडम भल्या होत्या, त्यांनी लपवाछपवी केली नाही. "परत मिळेल. पण तिथल्या लोकांना ती फार आवडणार, मला ठाऊक आहे. कायमची ठेवून घेतो म्हणतील. तेव्हा हो की नाही, ते तुम्ही सांगायचं."

मग मी कशाला गप्प बसते! त्याच दिवशी पोरीला म्हटलं, मला इंग्रजी शिकव. मॅडम बोलल्या असत्या की माझ्या वतीनं. पण दुसऱ्याच्या तोंडून 'नाही' पाठवलं की अर्ध्या वाटेत त्याचं 'बघू' होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मला विलायत बघायची हौस नव्हती. मी माझी गोधडी आणायला निघाले होते.

गोधडी पार्सलनं पुढं गेली आणि पोरगी रविवारच्या बाजारातून एक जुनं पुस्तक घेऊन आली. विमानतळावर काय बोलावं, हॉटेलात काय बोलावं, म्युझियममध्ये काय बोलावं, सगळं त्यात होतं. शेजारची गुजराती बेन तिकीटबाबू व्हायची. उंबऱ्यावर ऐटीत बसायची, मी म्हणायची, "वन टिकिट प्लीज," आणि ती सगळं विसरून गुजरातीत कुठं जायचंय ते विचारायची, "क्यां जवुं छे, बेन?" मालक कामावरून आले की मी दारातच "गुड मॉर्निंग" म्हणायची, ते म्हणायचे, "दिवेलागण झाली, बये." पण एक वाक्य मी चुकू दिलं नाही. "नो. आय टेक इट होम." नाही, मी घरी नेणार. भाकरी थापताना ते मी परातीला ऐकवलं, पाणी भरताना नळाला ऐकवलं.

एके दिवशी आम्ही म्युझियमच्या पानावर आलो. मी बेनच्या नातवाची दुपटी शिवत होते. पोरगी पुस्तकात बोट घालून म्हणाली, "डू नॉट टच. म्हण."

"डू नॉट टच. म्हणजे काय?"

"शिवू नका."

माझी सुई हातातच राहिली. "शिवू नका? अगं मग मला बोलावतात कशाला? शिवायलाच तर बोलावलंय!"

पोरगी हसून हसून लोळायला लागली. "तसलं शिवणं नाही गं आई! दोऱ्याचं नाही. हात लावू नका, असं. तिथं पाट्या असतात ना, वस्तूंपुढं."

मी पण हसले. हसता हसता एकदम थांबले. माय वं! चाळीस वर्षं झाली असतील तो शब्द त्या अर्थानं कानावर पडून. आमच्या घरात दीक्षा घेतल्यापासून कुणी तो तोंडातही आणत नव्हतं. माझ्या पोरीला तर तो पुस्तकातलाच एक शब्द वाटला. बरंच झालं म्हणा.

पण मला ती दुपार दिसली. मी लहान होते. आई आणि मी गावातल्या वरच्या गल्लीतून चाललो होतो. वारा सुटला आणि आईचा पदर उडून एका अंगणात वाळत घातलेल्या धुण्यावर जाऊन पडला. हिरवा पदर, याच लुगड्याचा. घरातली बाई किंचाळत बाहेर आली, "शिवलीस ना गं! शिवलीस!" तिनं आधी ओट्यावरच्या आपल्या पोराचा हात धरून त्याला मागं ओढलं, मग सगळं धुणं पुन्हा पाण्यात घातलं. आई पदर मुठीत आवळून घरापर्यंत चालत आली. घरी आल्यावरही मूठ सोडायला विसरली होती.

पोरीला मी यातलं काही सांगितलं नाही. "पुढचं पान काढ," म्हटलं.

मग विमानात बसले. शिकलेलं वाया गेलं नाही हो! "वॉटर प्लीज" म्हटलं की पाणी मिळायचं. पहिल्यांदा मिळालं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तहान नसताना पुन्हा मागितलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, पुरे!"

दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये गेलो. केवढं मोठं दालन! मॅडम कुणाशी तरी बोलत मागं राहिल्या आणि मी माझ्या गोधडीकडं जवळजवळ पळतच गेले. पांढऱ्या भिंतीवर ती एकटीच टांगली होती, वरून दिवा सोडला होता. तिच्यापुढं दोरी लावली होती आणि दोरीपुढं पाटी. पुस्तकातली अक्षरं जशीच्या तशी. डू नॉट टच.

लोक दोरीच्या अलीकडं हात मागं बांधून उभे होते. एक लहान पोर दोरीखालून पुढं गेलं, हात वर केला, आणि त्याच्या आईनं त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं.

इथंही? सात समुद्र ओलांडून आले तरी इथंही? यांना कुणी सांगितलं हे लुगडं कुणाचं ते? मॅडमनी सांगितलं? कागदावर लिहून दिलं? मी दोरीचा खांबच धरला. तिथला राखणदार जवळ आला. मी त्याला विचारलं, "व्हाय? व्हाय नो टच?" तो गोड बोलला, खूप बोलला, पण माझ्या कानात 'सॉरी मॅडम'पलीकडं काही शिरेना.

मॅडम धावत आल्या. माझा चेहरा पाहून घाबरल्या. मी म्हटलं, "मला खरं सांगा. यांना काय सांगितलंत तुम्ही? शिवू नका असं का लिहिलंय?"

"अहो मावशी, मोलाची वस्तू आहे म्हणून! हाताचा घाम लागला तर कापड खराब होतं."

"कुणाचा घाम?"

"कुणाचाही. माझा लागला तरी. इथली राणी आली तरी तिनंही हात लावायचा नाही."

राणीनं माझ्या आईच्या लुगड्याला शिवायचं नाही! मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की किती विचित्र दिसतं ते तिथल्या लोकांनी पाहिलं. घटकाभर मनात आलं, राहू दे इथंच. ज्या पदरानं धुणं बाटलं म्हणत होते, तो इथं दिव्याखाली मिरवू दे. बघू देत लोकांना, हात मागं बांधून.

त्यानंतर मी रोज दोरीशेजारी बसून शिवून दाखवलं. माझ्यापुढच्या नव्या गोधडीला लोक खुशाल हात लावायचे, आणि भिंतीवरच्या आईपासून दूर सरायचे. ते बघून माझा जीव वरखाली व्हायचा.

शेवटच्या दिवशी म्युझियमचे मोठे साहेब आले. ठेवून घ्यायची आहे, सन्मानानं ठेवू, कायमची. मॅडमनी मला सगळं मराठीत सांगितलं आणि बाजूला झाल्या. मी म्हटलं, आधी मला तिला एकदा हात लावू द्या. साहेब लगेच तयार झाले. त्यांनी दोरी बाजूला केली, खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि माझ्यापुढं धरले.

माझ्या आईला शिवायला मला हातमोजे!

तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलेलं सगळं इंग्रजी कुठं पळालं कोण जाणे, तोंडातून घरातली अहिराणीच बाहेर पडली, "हाई मनी मायनं लुगडं शे!" हे माझ्या आईचं लुगडं आहे! साहेब बिचारा मॅडमकडं बघायला लागला. जिवंत होती तोवर तिला कुणी शिवलं नाही. आता मेल्यावरही कुणी शिवायचं नाही, ते सन्मानानं का असेना, मला नको होतं. मी पदरानं तोंड पुसलं, श्वास घेतला आणि परातीला ऐकवलेलं वाक्य त्याला ऐकवलं.

"नो. आय टेक इट होम."

त्याला एका फटक्यात कळलं. त्यानं मान डोलावली आणि हातमोजे पुन्हा खिशात घातले.

घरी आले तर अर्धी गल्ली दारात. विलायतेहून आलेली गोधडी बघायला सगळ्या बाया जमल्या होत्या. पोरीला मी विलायतेहून फोन केला तेव्हा पाटीचं सांगून बसले होते, आणि तिनं ते सगळ्यांना सांगितलेलं. मी गोधडी खाटेवर पसरली, तशा सगळ्या दोन पावलं मागं सरकून उभ्या राहिल्या. बेननं तर हात साडीला पुसले आणि भीत भीत विचारलं, "अडाय के, बेन?" हात लावला तर चालेल का?

"अगं, हात बांधून उभ्या काय राहिलात?" मी ओरडलेच. "लावा हात! बसा तिच्यावर!"

मग काय विचारता. बेन मांडी घालून बसली, तिचा नातू गोधडीवर लोळला, कुणी काठ चाचपला, कुणी तांबडं लुगडं उलटून बघितलं. आईच्या अंगावर इतके हात मी कधी पाहिले नव्हते. मी कोपऱ्यात बसून ढसाढसा रडले आणि कुणाला वाटलं मी प्रवासानं थकले.

पोरगी गोधडीची वरची कड बघत होती. टांगून टांगून हिरवा पदर तिथं सुटला होता. "आई, इथं उसवलंय गं," ती म्हणाली. जन्मात तिनं सुई हातात धरली नव्हती.

मी दोरा ओवून सुई तिच्या हातात दिली. "मग बघतेस काय? शिव."