फोटोपुरतं स्वेटर
उटण्याचा वास आला की मला बुलढाण्याच्या एसटी स्टँडवरची ती पाडव्याची सकाळ आठवते. काकांना पुण्य कमवायची भारी हौस, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आमचं सारं घर स्टँडवर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायला गेलं होतं. कढत पाण्याने न्हाऊन आलेलो आम्ही ऊबदार होतो, बाहेर मात्र धुकं होतं आणि धाड गावाला जाणारी बस घुरघुरत उभी होती. बाकड्यावरच्या एका म्हातारीच्या अंगात चांगलं जाड स्वेटर होतं. ते काकांना खटकलं. त्यांनी मोबाइल खाली घेतला. "आजी, ते स्वेटर काढा बरं, फोटोत बरं नाही दिसत." "काऊन बापू? थंडी वाजून राह्यली ना." "दोन मिन्टं हो, मंग घाला." तिने स्वेटर काढलं. काकू ब्लँकेट पुढे धरून हसत उभी राहिली, पण कधी कुणाचे डोळे मिटत, कधी मधेच बस येई, आणि मनासारखा फोटो निघेपर्यंत ब्लँकेट काकूच्याच हातात राहिलं. यंदाच्या पाडव्याला काकांनी तोच फोटो पुन्हा घरच्या ग्रुपवर टाकला. म्हातारीचे उघडे दंड आणि घट्ट आवळलेले ओठ त्यात स्पष्ट दिसतात. खाली आत्याने लिहिलंय, "बघा, आनंदानं कशी शहारून गेली बिचारी!"