उपाशीपोटी

रोह्याच्या एका प्रयोगशाळेत मी डुकरं सांभाळते. सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडू देत! डुकराचं फुप्फुस बरंचसं माणसासारखं, म्हणून ती आणलेली. फुप्फुसातली गाठ जाळून मारता येते, पण ती श्वासनळीजवळ असली की पंचाईत. उष्णतेने नळीच भाजली, भोक पडलं, तर माणूस हातचा जातो. म्हणून आमच्याकडे न जाळता, विजेचे क्षणभराचे झटके देऊन बघतात. नळी तगते का, एवढाच प्रश्न. झटक्यांनंतर डॉक्टर नळीत कॅमेरा घालून बघतात आणि डुक्कर खोकतंय का ते मी ऐकते.

घरी, धरमतरच्या खाडीकाठी, दुसरा खोकला. माझ्या बाबाचा. त्याचा जन्म मिठागरात गेला. त्याची गाठ नेमकी श्वासनळीला चिकटलेली. कापता येत नाही, जाळता येत नाही, औषधं घ्या, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

एकदा जेवताना मी बोलून गेले, "आमच्या डुकरांची नळी शाबूत राहिली." बाबाचा घास हातातच राहिला. तेव्हापासून रोज एकच टुमणं.

"डुकराला चालतंय, मंग मना का नाय?"

"आधी जनावरं, मग माणसं. वर्षं लागतात, बाबा."

"माझ्याकडं हायत का गो वर्षं?"

शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. भला माणूस. म्हणाले, "घाईत तुमच्या वडिलांची नळी फाटली तर?" त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्तच संताप आला. भांडायचं तरी कुणाशी?

मग एका सकाळी वॉचमनने मला बोलावलं. फाटकाशी बाबा! इस्त्रीचा सदरा, काखेत एक्स-रेची पिशवी. पेणहून एकटाच गाडीत बसून आलेला, धापा टाकत.

"कशाला आलास?" मी ओरडलेच.

"कालपासून उपाशी हाय," तो हळूच म्हणाला. "तूच सांगतेस ना, झटक्याआधी डुकरांना खायला देत नाय."

ओढतच त्याला समोरच्या टपरीवर नेलं, चहा-पाव पुढे ठेवला. हात लावेल तर शपथ.

"आत जाऊन एकदा विचार तरी. तवर नाय खात."

"खा म्हणते ना!"

"विचार गो."

तणतणत आत गेले. आदल्या दिवशी झटके दिलेलं डुक्कर पाटीत तोंड घालून मचमच खात होतं. खोकला नाही, काही नाही. मेल्या, तुझं बरं आहे, असं मनात आलं. पण थोड्या दिवसांनी त्याचंही फुप्फुस काढून बघणार होते. मी तिथेच उभी राहिले. कुणालाच काही विचारलं नाही. डोळे पुसून बाहेर आले.

"नाही म्हणाले," मी सांगितलं.

बाबाने मान हलवली. मग पाव गार चहात बुडवला आणि खाऊ लागला.