चिबडातली जागा

गेल्या वैशाखात आमच्या शेजारच्या काकूंवर अन्याय झाला. घर बांधायला सरकारने त्यांना चिबडात जागा दिली. पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या, पाय रुतणाऱ्या जमिनीला भीमपूरकडे आम्ही चिबड म्हणतो. उन्हाळ्यात ती दगडासारखी वाळते, आणि मोजणीवाले नेमके उन्हाळ्यातच येतात.

काकू कुठेही बसण्याआधी टाच दाबून जमीन पाहतात. मोजणीच्या दिवशीही पाहिली.

"साहेब, हे चिबड हाय. पोळ्याले येऊन पाहा."

साहेब हसले. "अम्मा, सूखी तो है."

"उन्हाळ्यात नदीबी सुकीच असते. तिच्यात बांधता का घर?"

जागा बदलली नाही. पोळ्यापर्यंत भिंत कमरेएवढी आली आणि एका बाजूने खचली. काकू रडल्या नाहीत. खचलेल्या पायाच्या ओलीत त्यांनी धोपा, म्हणजे अळू लावला. त्याची पानं त्या घरोघर देतात. गावात आता त्यांच्यासमोर चिबड हा शब्दही कुणी काढत नाही.

दुसरी जागा मागायला काकू येत्या सोमवारी आदिलाबादला, जिल्ह्याच्या कचेरीत जाणार आहेत. तुमची हळहळ पुरे झाली. त्यांच्याबरोबर बसमध्ये चढा.