अक्का जमिनीवरून उठल्या

अक्का गेल्या, असा पुतण्याचा फोन आला तेव्हा मी नेरळला लेकीकडे होते. सकाळी परसातली भेंडी तोडून आल्या, चहा घेतला, जरा आडव्या झाल्या आणि तिथेच गेल्या... महिना झाला. रडू येतंच, पण खरं सांगू, मला त्यांचा अभिमानच जास्त वाटतो.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दहिवलीत एका घरात आम्ही चाळीस वर्षं काढली. साठीच्या आतच त्यांची बोटं सुजून वाकडी झाली. आमवात. औषधं चालू होती, तरी पुढे मांड्या, कंबर, नडग्या दुखू लागल्या, चाल बदकासारखी झाली, जमिनीवर बसल्या की दोघींनी उचलावं लागे. वातच वाढला, असं ठरवून मी शहाणीने त्यांचं दही-ताक तोडलं, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावल्या आणि दोन वर्षं त्यांना ऊन दिसू दिलं नाही. मायेपोटी केलं, पण केलं मीच.

कर्जतच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला तशा अक्का कळवळल्या. रक्त तपासलं, एक्स-रे काढला. "सांध्यांची सूज हा एक आजार. घरात कोंडून ड जीवनसत्त्व कमी झालंय, हाडं मऊ पडलीत, हा दुसरा. हा बरा होतो," बाई म्हणाल्या. मला तोंड लपवायला जागा उरली नाही. रिक्षात अक्का एवढंच बोलल्या, "जाऊ दे गं. बरा व्हतो म्हनल्या ना? मग झालं."

मग सांध्यांच्या गोळ्यांसोबत हाडांचं औषध आणि रोज अंगणातलं ऊन सुरू झालं. वर्षभराने पळसदरीला भाचीची हळद होती. अक्कांसाठी आम्ही घरची प्लास्टिकची खुर्ची टेंपोत घालून नेली. अक्का तिला वळसा घालून बायकांत खाली बसल्या, तासभर गाणी म्हटली. उठायची वेळ आली तसा मी हात पुढे केला.

"हात नको लावूस. बघ नुसती."

गुडघ्यावर तळवा टेकला, अंग पुढे टाकलं आणि उभ्या राहिल्या. गाणं थांबलं होतं. मी भर मांडवात ढसाढसा रडले.

बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. पण ती खुर्ची ओसरीवर आली, आणि पुढची सात वर्षं अक्कांनी तिच्यावर वाल वाळत घातलेलं सूप ठेवलं, स्वतः कधी टेकल्या नाहीत. परवा दमून मी ते सूप उतरवलं आणि बसले... दोन मिनिटंही बसवेना. सूप जागेवर ठेवलं, जमिनीवर बसले आणि भिंत न धरता उठले. कंबर करकरली. पण उठले.