सासऱ्यांचे हिरे आणि माझं कार्ड

लग्नात सासऱ्यांनी बायकोला घातलेल्या हिऱ्याच्या कुड्या काचेच्या आहेत, असं मी त्यांना कळवलं. तेही पोस्टकार्डावर! साक्रीकडच्या त्यांच्या गावी टपालवाला बाजाराच्या दिवशी कार्डं मोठ्यांदा वाचून मगच हातात द्यायचा. म्हणजे सासऱ्यांबरोबरच अख्ख्या बाजाराला ही बातमी लागली.

त्याचं असं झालं. मी धुळ्याला शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचो. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, कुड्या तिला द्यायच्या ठरल्या, आणि खडे खरे की खोटे ते तपासायचं शास्त्र मला सुचलं. ओळखीच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांचं यंत्र आणलं होतं. ते म्हणाले, "हाडाला लागतात तेवढे जोरकस किरण नकोत. मवाळ ठेवतो. खडा कशाचा आहे ते सावलीच सांगेल." फिल्म माझ्या हाती आली, तेवढ्यात कुणी हात मोडून आलं. "संध्याकाळी या, समजावतो," म्हणून डॉक्टर आत गेले.

शास्त्राच्या मास्तराला कोण समजावणार? फिल्मवर सोन्याची घरं पांढरीशुभ्र, आणि खड्यांच्या जागी नुसती काळी भोकं. खरा हिरा असता तर दिसला नसता का? मी तिथूनच पोस्टात गेलो.

बाजार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे दारात हजर. "जावईबापू, बठ्ठा बाजार माले हासस! मन्ही पोरले मी काच दिधी का?" त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. बायको कुड्या मुठीत आवळून उभी. माझ्याकडे बघेना, बापाकडेही बघेना.

तिघंही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कुडीशेजारी काचेचा एक खडा ठेवून नवी फिल्म काढली. काचेचा खडा ठसठशीत पांढरा उमटला. हिरे पुन्हा गायब!

"अहो मास्तर, हिरा म्हणजे कोळशाचा सख्खा भाऊ. हे किरण त्याच्यातून आरपार जातात. असल्या काचेत शिसं असतं, ते किरणांना अडवतं. जो दिसत नाही तोच खरा."

सासऱ्यांनी फिल्म उजेडात धरून पोटभर पाहिली. घरी आल्यावर दोनदा चहा मागून घेतला. मी दार लोटून, हळू आवाजात, त्यांची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

बायकोने मात्र माझ्यापुढे एक कोरं कार्ड ठेवलं.

"आबांना कळलं. आता बाजाराला कळवा. आणि अक्षर मोठं काढा, टपालवाल्याला कमी दिसतं."