गुण्य कोणता, गुणक कोणता

शाळेतून येऊन मी पंख्याखाली आडवी होते. उद्या चौथीच्या मुलांना गुणाकारातली नावं शिकवायची आहेत, तेवढंच डोक्यात घोळतंय. गुण्य, गुणक, गुणाकार... शब्द सैल होत जातात, पंख्याची घरघर लांब जाते आणि मी आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे.

वर्गाबाहेर उन्हात रतन उभी आहे. माझी धाकटी बहीण. चौथीत असतानाच विषमज्वरानं गेली. मी पन्नाशी ओलांडली, ती अजून तेवढीच. एक वेणी सुटलेली.

"अक्का, लई म्हातारी झालीस की!"

"तू अजून बाहेरच?"

"मग? गुरुजींनी आत घेतलंच नाही."

मला ते गणित आठवतं. एका ओळीत सहा रोपं, अशा चार ओळी. रतननं चारला गुण्य म्हटलं आणि सहाला गुणक. गुणाकार चोवीसच आला होता, तरी भोगे गुरुजींनी तिला बाहेर काढलं. पुढच्याच आठवड्यात तिनं अंथरूण धरलं.

"रतन, ज्याला गुणायचं ते गुण्य," मी समजावते. "एका ओळीत सहा रोपं, म्हणून सहा हा गुण्य. ती ओळ चार वेळा घ्यायची, म्हणून चार हा गुणक."

"ते मला पाठ आहे. तू इकडं ये."

व्हरांड्याची पायरी उतरते तर पाय थेट आमच्या वांग्याच्या मळ्यात पडतो. बांधावरून बघते. बरोबर, ओळीत सहा रोपं, ओळी चार. रतन मला ओढत विहिरीच्या बाजूला नेते.

"आता बघ."

रोपं तीच. पण इथून समोरच्या ओळीत चारच दिसतात, आणि अशा ओळी सहा.

"गुण्य कोणता?"

"चार."

"गुणक?"

"सहा," मी म्हणते, आणि ओळी पुन्हा मोजते.

"मी रोज पाणी घेऊन इकडूनच यायचे गं. मला मळा असाच दिसायचा."

वांग्यांच्या पलीकडे टेबल मांडलंय. भोगे गुरुजी मान खाली घालून हजेरी घेतायत. मी तरातरा जाते.

"गुरुजी, रतनचं बरोबर होतं."

"पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक बांधावर उभं आहे. तुम्ही विहिरीकडं या."

ते मान वर करत नाहीत. "तूही बाहेर उभी राहा."

"राहते. पण बरोबर ते बरोबर!"

माझा आवाज सगळ्या वर्गात घुमतो, कारण आता मळा नाही, वर्गच आहे. मी दार ओलांडून रतनच्या शेजारी उभी राहते. ऊन चटके देतंय. मी भिंतीला टेकते.

"टेकू नकोस," रतन म्हणते. "त्यांना वाटेल दमलो."

मी ताठ होते. ती खुदकन हसते, माझं मनगट गच्च धरते आणि दोघी समोर बघत राहतो.

जाग येते तेव्हा पंखा फिरतोय, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. मनगट चुरचुरतंय. मी हात उजेडात धरते. आतल्या कातडीवर नखांच्या चार बारीक कोरी उमटल्यात. लाल, ताज्या, लहान मुलीच्या नखांएवढ्या.