खळ दिलेल्या बनियनवरचे आकडे

परवा परभणीत एका दुकानात उभी होते. एक पोरगी टीशर्टवर नाव टाकून घ्यायला आली होती. एका मशीननं रंगीत कागदातून नाव कापलं, दुसऱ्या मशीननं ते कापडावर दाबलं, आणि दुकानदार तेवढ्यात चहा पिऊन मोकळा झाला. मी म्हटलं, दादा, हे काम मी तुमच्या जन्माआधी केलंय, आणि मला चहासुद्धा कुणी विचारला नव्हता. तो हसला. म्हातारी भ्रमली असं त्याला वाटलं असणार. वाटू द्या. तुम्हाला मात्र नीट सांगते.

विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलेलं होतं ते दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसटी कुठं तरी अडवलेली. वर्ष नेमकं विचारू नका, थोरली पोरगी रांगत होती एवढं आठवतं. आमचे हे विहिरीवरच्या इंजिनाचा एक पार्ट आणायला हैदराबादला गेले आणि गाड्यांच्या गोंधळात तीन दिवस तिकडंच अडकले. मी बांगड्या सांगितल्या होत्या. आणलं काय, तर लाल मखमली कागदाचं भेंडोळं. एका अंगाला मखमल, दुसऱ्या अंगाला गुळगुळीत डिंकासारखं काही तरी. कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबली की चिकटतो, म्हणे. "लय नवी चीज हाय, बांगड्या काय कुठंबी भेटत्यात," असं म्हणून ते झोपायला गेले. नवरा जेव्हा असं बोलतो तेव्हा बांगड्यांचं तो पार विसरलेला असतो, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

मी शिवणकाम करायची. सेलूला माहेरी शेजारणीची मशीन बघून बघून शिकले, कुणी शिकवलं नाही. सासरी मात्र माझी मशीन चुलीमागच्या अंधारात. पोलकं शिवायला येणारी बाई आधी स्वयंपाकघरातून यायची, आणि तिथं आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, बसलेल्या. मी माप घेऊन आकडा बोलले की त्या भाकरी थापता थापता म्हणायच्या, "दिवाळीला तर कमी भरली होतीस की गं." गिऱ्हाईक टिकणार कसं?

घरापुढं रस्त्याच्या अंगाला पडवी होती. उजेड भरपूर. तिच्यात ज्वारीची पोती, एक मोडकी बाज आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं बिनकामाचं सामान. मला ती पडवी पाहिजे होती. इतकी, की पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले तरी पोराबाळांआधी पडवीच तोंडात यायची.

माझा धाकटा दीर गावच्या कबड्डी संघाचा कप्तान. पोखर्णीला सामने होते. आमच्या गावाहून बैलगाडीनं तासाभराची वाट. मागच्या वर्षी गड्यांनी पाठीवर ऑइलपेंटनं आकडे रंगवले होते, ते वाळून अशी पाठ खरवडली की निम्मा संघ आठवडाभर पालथा झोपला. या वर्षी दीर मखमली कागद बघून माझ्यापुढं येऊन बसला.

"वैनी, बारा बनियनला बारा नंबर. नंबर न्हाई त्याला पंच उभा करीत न्हाई."

मी काही बोलायच्या आत आत्याबाई आतून म्हणाल्या, "करू दे तिला. नीट झालं तर पडवी तिची. न्हाई झालं तर मशीन माळ्यावर, आन् ही माझ्यासंगं रानात निंदायला."

दीर साक्षीला होता. मी हो म्हटलं.

आकडे आणायचे कुठून? माहेरून कापसाच्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर यायचं, रोजचं पान फाडायचं ते. तळहाताएवढे आकडे. फाडलेली पानं मी जपून ठेवायची, त्यातली मागच्या वर्षाची काढली, तर आत्याबाईंनी हात धरला. "सोमवारचं पान कापू नको. महादेवाचा वार हाय." झाला ना घोळ. मग सोमवारचे आकडे दुसऱ्या महिन्यातून शोधले. महादेवाला एवढा वेळ असतो का, हे मी मनात विचारलं, तोंडानं नाही.

आखायचं डिंकाच्या अंगानं आणि दिसायचं मखमलीच्या अंगानं, म्हणून आकडा उलटा आखावा लागतो. हे मला पहिला तीन कापून झाल्यावर कळलं. उलटा तीन बराचसा सहासारखा दिसतो, म्हणून तो सहा नंबरच्या गड्याला देऊन टाकला. बाकीची पानं खिडकीच्या उजेडावर उलटी धरून गिरवली आणि कात्रीनं, बारीक जागी ब्लेडनं कापली.

आता खळीचं सांगते. आमच्या घरात खळ न दिलेलं कापड अंगावर घालणं म्हणजे उघडं फिरण्यासारखं. मामंजींचं धोतर वाळल्यावर भिंतीला टेकवून ठेवलं तरी उभं राहायचं. बनियन नवे आले तसे आत्याबाईंनी स्वतः साबुदाण्याची खळ शिजवली, मोठ्या पातेल्यात बनियन बुडवायला घेतले आणि अकराव्यावर थांबल्या.

बारावा बनियन सात नंबरचा. तो गडी बौद्धवाड्यातला. चढाईला पंचक्रोशीत त्याच्यासारखा कुणी नव्हता, म्हणून गावाला खेळापुरती त्याची जात आठवत नसे. पातेल्याला मात्र आठवली.

"ह्यो माझ्या भांड्यात न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

मी काय केलं? काही नाही. बनियन उचलला आणि तसाच बाजूला ठेवला. पडवी डोळ्यापुढं होती, बाई.

मग फळीवर घोंगडी अंथरली, कोळशाची इस्त्री फुलवली, आकड्यावर वर्तमानपत्र ठेवून दाबत गेले. मऊ झालेला डिंक गार झाला की आकडा पक्का. दहा नंबरला इस्त्री जरा जास्त तापली, तर वर्तमानपत्राची शाई उतरून कुणा मंत्र्याचा चेहरा पाठीवर उमटला. आमचे हे म्हणाले, "पाच वर्षांत गावात आला न्हाई, आज आला." तेवढं सोडलं तर बारा बनियन असे झोकात दिसत होते की आत्याबाईंनीसुद्धा पडवीकडं एकदा नाइलाजानं बघितलं.

सामना ताडकळसच्या संघाशी. दुपारचं ऊन. आम्ही बायका गाडीतच बसून बघत होतो, आत्याबाई माझ्या शेजारी. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग गड्यांना घाम फुटला आणि आकडे भिंतीच्या पोपड्यासारखे सुटायला लागले. तीन नंबरचा आकडा एका टोकाला लोंबत होता. नऊ नंबरला ताडकळसच्या गड्यानं मागून धरलं, नऊ नंबर सुटून पळाला आणि आकडा त्याच्या हातात राहिला. तो आकडा त्यानं पंचाला दाखवला. पंचानं आकडा बघितला, गड्याची कोरी पाठ बघितली, आणि शिट्टी तोंडात ठेवून नुसता उभा राहिला.

"आरं, गडी बाद व्हायच्या आदी नंबरच बाद व्हायलेत," गर्दीतून कुणी तरी ओरडलं. पाचशे माणूस हसलं. मी पदर पुढं ओढला.

आम्ही कसाबसा तो सामना काढला. शेवटी मैदानात एकाच पाठीवर आकडा होता, सात. पंच दिराला म्हणाला, "उद्या अंतिम सामना हाय. नंबर असतील तर संघ उतरंल. न्हाईतर घरी बसा."

दीर आणि दोघं मैदानातून आकडे वेचत होते. चार नंबरचा आकडा एका शेळीनं खाल्ला, तो गेला. परतीच्या वाटेवर आत्याबाई एवढंच बोलल्या, "माळ्यावर जागा करावी लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबरचा गडी स्वतः आला. अंगणाच्या बाहेर उभा राहून म्हणाला, "वैनी, माझा तेवढा कसा ऱ्हायला बघा बरं." त्यानं बनियन दिला. मी हातात घेतला. मऊ. दुसरा घेतला, तो करकरीत. वेचलेला आकडा उलटा करून नखानं खरवडला, तर डिंकाला पांढरा पापुद्रा. साबुदाणा. माझा आकडा कापडाला चिकटलाच नव्हता, तो खळीला चिकटला होता. घाम आला, खळ विरघळली, आकडा गेला.

"आत्याबाई, तुमची खळ," मी म्हटलं.

"माझ्या खळीला नावं ठेवायलीस व्हय? हैदराबादचा कागदच फसवा."

"मग सातचा कसा ऱ्हायला?"

आत्याबाई पदर खोचत चुलीकडं वळल्या. सात नंबरच बाहेरून म्हणाला, "आजी, तुमी मला भांड्याबाहेर ठेवलं, ते लय बेस केलं. पास झालो." तो हसत होता. मला हसू आलं नाही. त्याला पातेल्याची गोष्ट ठाऊक होती, आणि ती सांगणारी मी नव्हते. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होती.

खळ काढायची तर गरम पाणी पाहिजे, आणि बारा वाजायच्या आत बनियन वाळायलाही पाहिजेत. मी मामंजींच्या आंघोळीचं तांब्याचं घंगाळ अंगणात ओढलं, पाणी ओतलं आणि सोडा टाकला. दीर आणि मी घासायला बसलो. दोघांच्यानं ते होईना. मी सात नंबरला म्हटलं, "तिथं काय उभा ऱ्हायलास, ये, पीळ देऊ लाग." तो आला आणि घंगाळात हात घातला.

आत्याबाई दारात आल्या. सगळं थांबलं. कोंबड्या सोडून.

"घंगाळ तुझ्या मामंजींचं हाय," त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या.

"आकडेबी पायजेत," मी म्हटलं.

दीर मान वर न करता म्हणाला, "आई, त्याला उठवलं तर दुपारी चढाईला तू येतीस का?"

आत्याबाई आत गेल्या. आता मशीन माळ्यावर गेली असं मी धरून चालले. त्या परत आल्या त्या उकळत्या पाण्याचा हंडा घेऊन. उंचावरून, स्वतःच्या लुगड्याला थेंब लागू नये अशा बेतानं, त्यांनी पाणी घंगाळात ओतलं. "सोडा कमी पडलाय," एवढं म्हणून आत. माया नव्हती ती. लेकाचा अंतिम सामना होता.

उन्हानं बनियन तासाभरात वाळले. आकडे कोमट पाण्यात धुतले होते, ते पुन्हा दाबले, चार नवा कापला. संघ उतरला आणि हरला, चांगल्या फरकानं. पण बारा पाठींवर बारा आकडे, शेवटच्या शिट्टीपर्यंत.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "हारले की."

"अट आकड्यांची होती," मी म्हटलं.

त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग दिराला हाक मारली, "पोती काढ रं पडवीतली." चार गड्यांनी पोती हलवली, त्यात सात नंबरही होता. आत्याबाईंनी घंगाळ चिंच-राखेनं दोन दिवस घासलं, आणि तिसऱ्या दिवशी मामंजी त्यातल्या पाण्यानं आंघोळ करून उठले. त्यांना काहीही झालं नाही.

पोती हलवून झाल्यावर सात नंबर पडवीच्या पायरीशी थांबला. "वैनी, माझ्या आईला पोलकं शिवायचंय. ती हितं आली तर चालंल का?"

पातेल्याच्या वेळी मी गप्प बसले होते, ते मला तेव्हा टोचलं. मी मुद्दाम आत ऐकू जाईल असं म्हटलं, "उद्याच आण. हितं बसूनच माप घेईन."

आत भांडं घासायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. दुसऱ्या दिवशी ती माउली आली, पायरीवरच बसायला लागली. मी तिला वर बोलावलं, दोरीनं आवळून घेतलेल्या बाजेवर बसवलं आणि टेप काढला.